शेतीचं अनुदान, सॅमनचे पिंजरे आणि एक चिवट समिती

ओबानवासी · शनिवार, २४ मे २०२५, दुपारी ३:४०

लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळचा दापोलीचा. शिकलो रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात, आणि गेली पाच वर्षं स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. त्यातली पहिली तीन एका सॅमन फार्मवर काढली, म्हणजे समुद्रात जाळ्यांचे पिंजरे लावून सॅमन मासे वाढवतात तिथे (कंपनीचं नाव विचारू नये). तिथे सकाळचं पहिलं काम म्हणजे 'मॉर्ट' काढणं. मॉर्ट म्हणजे मेलेला मासा. ते जाळ्याच्या तळाशी साचतात. हवेच्या जोरावर पाइपातून वर ओढायचे, मोजायचे, मरणाचं कारण लिहायचं, आणि दळून फॉर्मिक ॲसिडच्या टाकीत सोडायचे.

आई बाजारात मासा घेताना कल्ला उचलून बघायची. आत लालभडक दिसला तरच भाव विचारायची. मीही तेच करायचो, फक्त मेलेल्या माशांचं. २०२२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कल्ला उचलावा तर आत फिकट, बुळबुळीत, मधेच रक्ताचे ठिपके. समुद्र नेहमीपेक्षा गरम होता आणि अगदी बारके जेलीफिश जाळ्याच्या आसातून थव्याने आत शिरत होते. ते कल्ल्यांना डसतात आणि मासा गुदमरतो. आमच्याकडे मॉर्ट ठेवायचे डबे कमी पडले. पुढच्या वर्षीही बरं नव्हतं. २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या फार्मांवर मिळून १ कोटी ७० लाखांहून जास्त सॅमन मेले.

आता मुद्द्यावर येतो. इथल्या संसदेला (होलीरूड म्हणतात, १२९ सदस्य) वरचं सभागृह नाही. त्यामुळे कायद्याची चिरफाड करायचं काम समित्यांवर येऊन पडतं. त्यातली 'ग्रामीण व्यवहार आणि बेटे समिती' शेतीचं अनुदानही बघते आणि मत्स्यशेतीही. गेली दोन वर्षं मी तिच्या बैठका नेटवर लाइव्ह बघतोय. बायको म्हणते, लोक क्रिकेट बघतात.

सॅमनची कथा अशी. मार्च २०१८ मध्ये पर्यावरण समितीने बजावलं की आहे तो गोंधळ न निस्तरता उद्योग वाढवला तर न भरून येणारं नुकसान होईल. तेव्हा २०३० पर्यंत उत्पादन दुप्पट करायच्या गप्पा चालू होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात एडवर्ड माउंटन यांच्या अध्यक्षतेखालच्या ग्रामीण समितीने ६५ शिफारशी दिल्या. त्यातली माझ्या मते सगळ्यात साधी आणि सगळ्यात जड म्हणजे ज्या फार्मवर मरतूक जास्त आहे, तिथे कारण सापडून निस्तरेपर्यंत वाढीला परवानगी नाही. दुसरा कुठलाही धंदा असता तर हे सांगावंसुद्धा लागलं नसतं.

मग सहा वर्षं गेली. २०२४ मध्ये फिनले कार्सन यांच्या समितीने तीच यादी पुन्हा उघडली आणि एकेक शिफारस घेऊन विचारलं, हिचं काय झालं? कोणाला काही नवं शोधायचं नव्हतं. १७ जानेवारी २०२५ ला अहवाल आला. प्रगती फार मंद आहे आणि आम्ही निराश आहोत असं त्यात स्वच्छ लिहिलंय. सरसकट बंदी त्यांनी मागितली नाही. सतत जास्त मरतूक होणाऱ्या फार्मचं उत्पादन रोखायचे अधिकार घ्या असं मात्र सांगितलं, आणि वर्षभरात हालचाल दिसली पाहिजे अशी तंबीही दिली.

मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते त्या 'पुन्हा उघडली' साठी. अहवाल कोणीही लिहितो. सहा वर्षांनी तोच कागद घेऊन दारात उभं राहायला वेगळा चिवटपणा लागतो. शेतीच्या कायद्याबद्दल वेगळं लिहितो, बोटं दुखली.

---

हिरवी_मिरची · शनिवार, संध्या. ५:०२

छान लिहिलंय. एक बाळबोध शंका: सॅमन म्हणजे रावसच ना? आमच्याकडे हॉटेलच्या मेन्यूत रावसपुढे 'इंडियन सॅमन' लिहितात.

---

ओबानवासी · शनिवार, संध्या. ५:३०

नाही हो, ते मेन्यूवाल्यांचं बारसं. रावस वेगळ्याच कुळातला. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. भांडणाची एक मेखही तिथेच आहे. पिंजऱ्यातल्या लाखो माशांवरच्या समुद्री उवा (हो, माशांनाही उवा होतात) नदीतून समुद्राकडे निघालेल्या रानटी पिल्लांना लागतात. ब्रिटनमधला रानटी सॅमन २०२३ च्या डिसेंबरात जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त' ठरला. त्याला कारणं पुष्कळ आहेत, नद्या तापल्या, बांध आले, समुद्रात खाणं कमी झालं. उवा हे त्यातलं एक.

मार्च २०२१ पासून दर आठवड्याला उवांची मोजणी कळवणं कायद्याने सक्तीचं झालं. ही २०१८ च्या रेट्याची फळं. मोजणी आम्हीच करायचो. जाळीने चार-पाच मासे काढायचे, भुलीच्या पाण्यात टाकायचे, गुंगले की पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन बोटाने चाचपत मोजायचं. जानेवारीत बोटं बधिर होतात आणि उवा नि खवले सारखेच लागतात.

---

नियम_१९३ · शनिवार, रात्री ९:१५

उत्तम धागा. थोडी आपल्याकडची बाजू.

आपल्या संसदेत खातेनिहाय स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. मत्स्यव्यवसाय-पशुसंवर्धन-दुग्धविकास हे २०१९ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झालं, तरी त्याचं काम कृषी, पशुसंवर्धन आणि अन्नप्रक्रिया यांच्या स्थायी समितीकडेच आहे. आणि तुम्ही ज्याचं कौतुक करताय ते आपल्याकडे नियमातच लिहिलेलं आहे. सरकारने शिफारशींवर तीन महिन्यांत काय केलं ते सांगायचं, मग समिती 'कृती अहवाल' काढते. त्यात कोणती शिफारस मानली, कोणत्या उत्तराने समाधान झालं नाही, याचे वेगवेगळे कप्पे असतात. वाचायला अत्यंत कंटाळवाणे आणि अत्यंत उपयोगी.

दुखणं वेगळंच आहे. कायदा समितीकडे जातच नाही. १५व्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, १७व्या लोकसभेत सुमारे १६. सप्टेंबर २०२०चे तीन कृषी कायदे आठवा. राज्यसभेत समितीकडे पाठवायची मागणी झाली, आवाजी मतदानाने सगळं उरकलं. मग वर्षभर दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे मागे घेणारं विधेयकही चर्चेविनाच मंजूर झालं. बाजार समित्यांचं काय होणार, वाद झाला तर शेतकऱ्याने प्रांताकडे जायचं की कोर्टात, हे प्रश्न समितीच्या टेबलावर चार महिने घासले असते तर कदाचित वाटेत काही सुटलं असतं. कदाचित नसतंही. पण रस्त्यावर सुटण्यापेक्षा बरं.

---

रोखठोक_ठोकळे · शनिवार, रात्री ११:४८

समित्या म्हणजे चहा-बिस्किटं. कोंबड्या मरत नाहीत का? डुकरं मरत नाहीत? माशांचंच एवढं कौतुक का? या पर्यावरणवाल्यांना सॅमन बंद करायचाय आणि मग नॉर्वेचा आयात करून खायचाय. ओबानवासी, तीन वर्षं पगार त्याच धंद्यातून घेतलात ना? ह. घ्या.

---

ओबानवासी · रविवार, २५ मे, दुपारी १:१०

ठोकळे, हलकेच घेतलं. पण तुमचा पहिला मुद्दा हलका नाही. उद्योगाचंही तेच म्हणणं आहे की जनावरं पाळली की काही मरणारच. आणि पगाराचं म्हणाल तर खरंच आहे. ज्या बेटांवर शाळेत मोजून आठ-दहा पोरं असतात, तिथे फार्मच्या चार नोकऱ्या गेल्या तर शाळाही जाते. उत्पादनात नॉर्वे आणि चिलीनंतर स्कॉटलंडचाच नंबर, २०२१ मध्ये २ लाख टनांच्या वर गेला होता. समितीने बंदी मागितली नाही त्यामागे हेही असणार.

मला पटत नाही ते पुढचं. गोठ्यात दर वर्षी इतकी जनावरं मेली तर गोठा वाढवायला कर्ज कोण देईल? २०१८ ची शिफारस नेमकं एवढंच म्हणत होती.

एक किस्सा. सप्टेंबर २०२४ मध्ये समितीचे सदस्य आमच्या ओबानजवळचा एक फार्म बघायला गेले. त्याच सकाळी, पाहुणे पोचण्याआधी, मेलेले मासे तिथून हलवल्याचं चित्रण प्राणी-हक्कवाल्यांनी प्रसिद्ध केलं. मोठा गदारोळ झाला. कंपनीने सांगितलं की हे रोजचंच काम आहे. माझ्यासारख्याला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. मॉर्ट रोज सकाळीच काढतात. आणि पाहुणे आले की पडवी सारवतात, हेही आपण घरी केलेलंच आहे. म्हणून पाहणीवर विसंबू नये, आकडा मागावा. आकडा सारवता येत नाही असं नाही, पण त्याच्याखाली सही लागते.

---

बांधावरची · रविवार, दुपारी ४:२५

मी करमाळ्याची, घरी शेती. ओबानवासी दादा, शेतीच्या कायद्याचं राहिलं ना? आमच्याकडे पीएम किसानचे वर्षाला ६ हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे ६ हजार, सातबाऱ्यावर नाव असेल तर. माझ्या सासूबाई आयुष्यभर राबल्या, सातबारा सासऱ्यांच्या नावे. पैसा कोणाच्या खात्यात येतो ते सांगायला नको. तिकडे कसं आहे?

---

ओबानवासी · रविवार, रात्री ८:५०

ताई, रोग तोच, औषध थोडं वेगळं. इथे पैसा मुख्यतः हेक्टरी मिळतो, युरोपीय संघाच्या जुन्या पद्धतीने. जमिनीचे तीन वर्ग. सपाट सुपीक जमिनीला जे मिळतं, त्याच्या दहाव्या हिश्शालाही खडकाळ डोंगरचराई पोचत नाही. पण डोंगरवाल्याकडे हजारो हेक्टर असतील तर तो पुन्हा मालामाल. एके काळी इथे 'स्लिपर शेतकरी' ही शिवी होती. हेक्टर कागदावर भाड्याने घ्यायचे, एक मेंढी पाळायची नाही, आणि घरात सपाता घालून चेकची वाट बघायची. आणि ३ हेक्टरांच्या खाली असाल तर अर्जच करता येत नाही.

माझे शेजारी क्रॉफ्टर आहेत. क्रॉफ्ट म्हणजे पिढीजात कुळवहिवाटीचा छोटा तुकडा. जमीनदारांनी माणसं हाकलून मेंढ्या आणल्या, त्यानंतर १८८६च्या कायद्याने त्या कुळांना संरक्षण मिळालं. आपला कूळकायदा आठवतो की नाही? म्हातारबुवांकडे अकरा गाई आहेत. या वर्षीपासून नवी अट आलीय. वासराचं अनुदान हवं तर गाईच्या दोन वेतांमधलं अंतर ४१० दिवसांपेक्षा जास्त नको. भाकड गाय पोसली की मिथेन वाढतो हा हिशेब. बुवांची एक लाल गाय हमखास पंधरा दिवस उशीर करते. मला म्हणाले, तिला कॅलेंडर वाचता येत नाही. शिवाय १५ मेच्या आत 'संपूर्ण शेत आराखडा' हवा होता, म्हणजे माती परीक्षण, कार्बन मोजणी, जैवविविधता, जनावरांचं आरोग्य वगैरेपैकी किमान दोन गोष्टींचे कागद. मी त्यांच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो, दोन रात्री.

आता समिती यात कुठे येते? शेती आणि ग्रामीण समुदाय विधेयक सप्टेंबर २०२३ मध्ये मांडलं, १८ जून २०२४ ला मंजूर झालं. ते नुसता सांगाडा आहे. पैसा कोणाला, किती, कोणत्या अटीवर हे त्यात नाही; ते मंत्री नंतर नियमांनी ठरवणार. अनुदानाचे चार थर असतील, खालच्या दोन थरांत किमान ७० टक्के पैसा जाईल, हेही कायद्यात नसून घोषणेत आहे. समितीत शेतकरी संघटनांपासून पर्यावरणवाल्यांपर्यंत सगळे एकच म्हणत होते की आम्ही मत कशावर द्यायचं? लग्नाची पत्रिका छापली, मुलाचं नाव नंतर कळवू. तेव्हाच्या ग्रामीण व्यवहार मंत्री मॅरी गूजन यांचं उत्तर साधारण असं की परिस्थिती बदलते, दर वेळी कायदा बदलत बसता येणार नाही. तेही अगदी चूक नाही. शेवटी सरकारने पाच वर्षांचा 'ग्रामीण साहाय्य आराखडा' संसदेपुढे ठेवायचा, एवढं कायद्यात आलं.

माझं मत सांगायचं तर सांगाड्यावर मांस चढतं ते नियमांच्या कागदात, आणि तो कागद वाचायला गॅलरीत कोणी नसतं. सॅमनच्या बाबतीत शिफारशी स्पष्ट होत्या, पाळल्या नाहीत. शेतीच्या बाबतीत नियम अजून लिहायचेच आहेत. दोन्हीकडे विधेयकाच्या दिवशी भाषणं जोरात होतात, खरं काम नंतरच्या कंटाळवाण्या मंगळवारी-बुधवारी असतं.

---

हिरवी_मिरची · रविवार, रात्री ९:०५

लाल गाय आवडली. पुढचं वासरू वेळेत झालं की कळवा.

---

उघाडीवाला · सोमवार, २६ मे, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी, मी पेणकडचा. रात्रीच वाचला धागा, झोप लागली नाही.

आमच्या खारपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या तळ्यात जिताडा वाढवतात. खाडीतून पिल्लं आणायची, गावच्या नाहीतर घरच्या तळ्यात सोडायची, बारके मासे खाऊन ती वाढतात. खाद्य नाही, औषध नाही. दोन-तीन वर्षांनी चार-पाच किलोचा मासा निघतो. (साहेबाच्या घरी जिताडा पोचला की फाइल चालते ही जुनी म्हण. आम्ही तो विषय इथे काढत नाही.)

आता बघा. २२ एप्रिलला राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा द्यायचा निर्णय घेतला. विजेचा दर शेतीचा, कर्जाचं व्याज शेतीचं, विमा, सगळं. आनंद आहे. माझ्या पंपाचं बिल कमी झालं तर मी पेढे वाटीन. प्रधानमंत्री मत्स्यसंपदेत ४० टक्के अनुदान आधीपासून आहे, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६०. पण हा धागा वाचून डोक्यात किडा शिरला. अनुदान शेतीचं मिळणार, मग तपासणी कोणाची? माझ्या शेजारी व्हेनामी कोळंबीचे प्लॉट आहेत. तळं रिकामं करताना पाणी खाडीत सोडतात. एकदा त्यांच्याकडे रोग आला, आठवडाभरात माझ्या तळ्यात मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. त्यांच्यामुळेच, असं मी सिद्ध करू शकत नाही. किती कोळंबी मेली हे कुठे लिहिलेलंच नाही. तुमच्याकडे निदान डबे मोजतात.

---

नियम_१९३ · सोमवार, दुपारी १२:४०

उघाडीवाले, तुमचा प्रश्न जुना आहे. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीवरच्या सघन कोळंबी तळ्यांवर कडक निर्बंध घातले होते. पारंपरिक पद्धत त्यातून वगळली होती, म्हणजे तुमच्यासारखे. मग २००५ मध्ये किनारी जलशेती प्राधिकरणाचा कायदा आला, नोंदणीची व्यवस्था झाली. २०२३ च्या दुरुस्तीने त्यातला तुरुंगवास काढून दंड ठेवला. मला त्यात गैर वाटत नाही, छोट्या माणसाला तुरुंगाची भीती घालून कोणी नोंदणी करत नाही. मात्र नोंदणी म्हणजे मरतुकीची नोंद नव्हे, हे तुमचं बरोबर. तुमच्या खासदारांना लिहा की हा प्रश्न कृषीच्या स्थायी समितीपुढे ठेवा. मत्स्यव्यवसाय खात्याच्या 'अनुदानाच्या मागण्या' (म्हणजे खात्याच्या वर्षाच्या खर्चाचा प्रस्ताव) दर वर्षी तिच्यापुढे येतातच.

---

रोखठोक_ठोकळे · सोमवार, दुपारी १:३०

खासदाराला पत्र! बरं आहे बुवा. पण उघाडीवाल्यांचा मुद्दा पटला. पैसा सरकारचा घेतला तर डबे मोजायला हरकत नसावी. (मी हे बोललो असं कोणाला सांगू नका.)

---

बांधावरची · सोमवार, दुपारी २:१५

नोंदला आहे, ठोकळे. स्क्रीनशॉट काढलाय.

उघाडीवाले दादा, तळं सातबाऱ्यावर दाखवलंय का? आमच्याकडे शेततळ्यात मासे सोडलेल्यांचं म्हणणं असं की पीकपाहणीत 'मासे' असा पर्यायच सापडत नाही.

---

ओबानवासी · सोमवार, संध्या. ४:०५

उघाडीवाले, एक सुचवतो, मोफत. आजपासून वही घाला. तारीख, पाण्याचा रंग, किती मासे वर आले, किती मेले, कल्ल्याचा रंग. मोबाइलवर फोटो. शेजाऱ्याने पाणी कधी सोडलं तेही. दोन पावसाळ्यांची वही झाली की तुमच्याकडे सांगायला नुसती तक्रार राहणार नाही. इथे समितीपुढे सगळ्यात जास्त ऐकलं गेलं ते मोठमोठ्या भाषणांना नाही, वर्षानुवर्षं आकडे लिहून ठेवणाऱ्यांना.

आणि ठोकळे, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. सॅमन मी खातो. कल्ला बघायला मिळत नाही, तुकडे प्लास्टिकमध्ये येतात.

---

उघाडीवाला · सोमवार, संध्या. ६:५०

सातबाऱ्यावर अजून 'खार' एवढंच आहे ताई. तलाठ्याकडे जाईन.

वही घातली. पहिली नोंद: २६ मे, पाऊस धो धो, यंदा मेमध्येच आला. पाणी गढूळ, मासे वर नाहीत. आज अमावस्या लागली, रात्री उधाण आहे आणि वरून हा पाऊस. उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) एक फळी गेल्या वर्षीपासून कुजलीय, तिथून खांड गेली, म्हणजे बांध फुटला, तर जिताडे खाडीत आणि खाडी भातात. टॉर्च आणि पोती घेऊन निघतोय. बाकी उद्या.